झोप सोपी, जाग अवघड

झोप येत नाही अशी तक्रार चारचौघांत करून पाहा. दहा माणसे दहा उपाय सांगतील. कोणी जायफळ उगाळून घ्यायला सांगेल, कोणी तळपायांना तेल चोळायला सांगेल, कोणी शंभरापासून उलटे आकडे मोजायला लावील. पण ‘मला नीट जाग येत नाही’ असे म्हणून पाहा. ऐकणारे हसतील आणि तुम्हाला आळशी ठरवून मोकळे होतील. झोपेला आपल्याकडे वैद्य आहेत. जागेला फक्त गजराचे घड्याळ आहे.

वास्तविक झोपण्यापेक्षा जागे होणे कितीतरी कष्टाचे. निजताना माणसाला फक्त सोडून द्यायचे असते; उठताना सारे पुन्हा गोळा करायचे असते. मी कोण, हे घर कोणाचे, आज वार कोणता, दूधवाल्याचे पैसे दिले की राहिले, काल रात्रीचे भांडण मिटले होते की अर्धे उरले होते, हे सगळे उशीशेजारून उचलून पुन्हा अंगावर चढवायचे. परगावी पाहुणे म्हणून गेलो असताना पहाटे डोळे उघडतात आणि क्षणभर खिडकी कोणत्या भिंतीला आहे हेच उमगत नाही. तो क्षण ज्याने अनुभवला असेल त्याला जाग येणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. कुंभकर्णाला निजवायला ब्रह्मदेवाचा एक वर पुरला; उठवायला मात्र ढोल-नगारे, हत्ती आणि अन्नाचे डोंगर लागले. मुचकुंदाला अवेळी उठवणारा कालयवन तर जागच्या जागी भस्म झाला. विष्णू आषाढी एकादशीला निजतो तो कार्तिकी एकादशीला उठतो, आणि त्या उठण्याच्या दिवसाला ‘प्रबोधिनी’ असे भारदस्त नाव आहे. आमच्या जिल्ह्यात तर या बाबतीत अधिकच दक्षता. धाराशिवहून तुळजापूर जवळ आहे. तिथली भवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. शारदीय नवरात्रापूर्वीची ती घोर निद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतरची श्रम निद्रा आणि शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोह निद्रा. झोपेचे इतके बारीक वर्गीकरण दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही. आणि देवी उठते तीही अशी तशी उठत नाही. मूर्ती पुन्हा सिंहासनावर येते, अभिषेक होतो, आरती होते, आणि मगच पुढचा उत्सव सुरू होतो. निजलेल्याला त्याच्या जागी नेऊन बसवल्याशिवाय तो खरा जागा झाला असे आपण मानीत नाही.

हे सगळे मला सुचले ते मात्र देवळात नव्हे, आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात, एका जुन्या लॅपटॉपसमोर.

हा लॅपटॉप मी पुण्याहून वापरलेला म्हणून घेतला होता. त्याची पहिली प्रणाली विंडोज टेन. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार असे जाहीर झाले आणि नवी प्रणाली माझ्या यंत्राच्या वयाला मानवेना. पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा म्हणाला, “मामा, फेकून देऊ नका. मी त्यावर लिनक्स बसवतो. फुकट आहे, आणि यंत्र आणखी पाच वर्षे काम देईल.” फुकट आणि पाच वर्षे हे दोन शब्द मराठीच्या प्राध्यापकाला पुरेसे असतात. यंत्र खरेच तरतरीत झाले. देवनागरी झकास उमटू लागली. एकच खोड होती. झाकण मिटले की ते गुणी बाळासारखे निजे. झाकण उघडले की दिवा लागे, पंखा घुमे, पण पडदा काळाकुट्ट.

इंग्रजीत या निजण्याला ‘सस्पेंड’ आणि उठण्याला ‘रिझ्यूम’ म्हणतात. आमच्या शिक्षण खात्यात सस्पेंड होणे म्हणजे निलंबित होणे आणि रिझ्यूम करणे म्हणजे पुन्हा रुजू होणे. निलंबनाचा हुकूम एका दुपारी निघतो; पुन्हा रुजू व्हायला किती वर्षे आणि किती हेलपाटे लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला माझ्या लॅपटॉपचे दुःख चटकन कळेल.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आईच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायचे काम मी हाती घेतले होते. त्या दिवशी पन्नासेक ओव्या लॅपटॉपवर उघडून बसलो होतो, शेवटच्या आठ-दहा नुकत्याच टंकल्या होत्या. तासाची घंटा झाली, झाकण मिटून मी वर्गावर गेलो. परत येऊन उघडतो तो अंधार. प्राध्यापक-कक्षात सल्ल्यांना तोटा नसतो. भूगोलाचे सहकारी म्हणाले, “मेला तो. बटण दाबून धरा दहा सेकंद, बंद करा आणि नव्याने चालू करा.” शिपाई मामांनी झाकणावर दोन थापा मारून पाहिल्या, त्यांच्या रेडिओला तो उपाय लागू पडत असे. इतक्यात संगणकशास्त्राचा एक विद्यार्थी सही घ्यायला आला होता, तो म्हणाला, “सर, थांबा. बटण दाबू नका. आधी तो जागा आहे का ते बघू.”

त्याने कळफलकावरची मोठ्या अक्षरांची कळ दाबली. तिच्यातला चिमुकला दिवा लागला. पुन्हा दाबली, विझला. “सर, हा जागा आहे. आपलं सगळं ऐकतोय. फक्त याला तोंड नाही.”

मग त्याने स्वतःचा लॅपटॉप काढला. भाच्याने पुण्यात बसून दुरुस्ती करता यावी म्हणून माझ्या यंत्राला एक परसदार ठेवले होते. परवलीचा शब्द मी सांगितला आणि तो पोरगा तिथून आत शिरला. आत सारे जेथल्या तेथे होते. माझ्या ओव्या उघड्या होत्या, घड्याळ बरोबर चालले होते. यंत्र आपली एक रोजनिशी ठेवते, तीही त्याने वाचून दाखवली. अमुक वाजता निजलो, अमुक वाजता उठलो, प्रोसेसर उठला, कळफलक उठला, डिस्क उठली. आणि शेवटी एक ओळ, की चित्राची जबाबदारी असलेला भाग काही उठेना. त्या मुलाने परसदारातूनच यंत्राला पुन्हा निजवले, पुन्हा उठवले. तिसऱ्या खेपेला पडदा उजळला आणि आईची शेवटची ओवी जिथे थांबली होती तिथेच कर्सर लुकलुकत उभा होता.

असे का होते हे मी त्या मुलाकडून पुढे दोन-तीन संध्याकाळी समजावून घेतले. त्याने सांगितले ते मला कळले तसे, आपल्या भाषेत सांगतो.

झाकण मिटले की यंत्रातली एकेक वस्तू वीज सोडते. प्रोसेसर बंद, पंखा बंद, पडदा बंद. जागी राहते ती एकटी स्मृती, जिला रॅम म्हणतात. आपण काय लिहीत होतो, कोणते पान उघडे होते, हे सगळे तिच्यात सूक्ष्म विद्युतभारांच्या रूपाने साठवलेले असते. हे भार सारखे गळत असतात. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधराएक वेळा, ते पुन्हा भरून घ्यावे लागतात. देवापुढच्या नंदादीपात रात्रभर कोणीतरी तेल घालीत बसावे, तसे हे काम चालू असते. साऱ्या घराचे दिवे गेलेले, आणि देवघरात तेवढी एक वात तेवते आहे. यंत्राची झोप म्हणजे एवढेच.

आता चित्र काढणारा जो भाग असतो, ज्याला ग्राफिक्स म्हणतात, त्याची गोष्ट निराळी. तो म्हणजे घरात राहणारा, पण स्वतःची चूल मांडलेला भाऊ. पुष्कळदा त्याची स्वतःची स्मृती असते, स्वतःचे शेकडो खटके असतात. पडदा किती रुंद, किती उंच, सेकंदाला किती वेळा चितारायचा, कोणत्या तारेने पाठवायचा, हे सारे त्या खटक्यांत मांडलेले असते. वीज गेली की खटके पडतात आणि तो सर्व विसरतो. सकाळी आपण बटण दाबून यंत्र चालू करतो तेव्हा मुळारंभीची एक छोटी प्रणाली, बायोस, त्याला ‘अ आ इ ई’पासून शिकवून उभा करते. पण झोपेतून उठताना यंत्राला घाई असते. बायोस आडवाटेने प्रोसेसरला हाक मारते आणि पुष्कळदा चित्रकाराकडे फिरकतही नाही. मग त्याला कोणी सांगायचे, की बाबा, तू अमुक होतास, तुझ्या हाती अमुक चित्र होते?

हे सांगण्याचे काम ज्या कार्यक्रमाचे, त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. हे नाव ऐकले की आमच्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे एसटीचा ड्रायव्हर येतो. खरे तर तो दुभाष्या आहे. प्रणाली एक भाषा बोलते, यंत्राचा भाग दुसरी. दुभाष्या मध्ये उभा राहतो. निजण्यापूर्वी त्याने चित्रकाराजवळचे सारे विचारून मुख्य स्मृतीत लिहून ठेवायचे, आणि उठल्यावर एकेक खटका त्याच क्रमाने पुन्हा लावायचा. क्रम चुकला तर अंधार. खटका राहिला तर अंधार.

आता कोणीही विचारील, की दुभाष्याला भाषा का येऊ नये? कारण त्याला ती कोणी शिकवलीच नाही. लिनक्स ही प्रणाली १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने सुरू केली आणि पुढे जगभरच्या माणसांनी ती उघड्यावर, एकमेकांना दाखवीत वाढवली. तिच्यात गुप्त असे काही नाही. पण ज्या भागांशी तिला बोलायचे होते ते बनवणाऱ्या अनेक कंपन्यांनी आपल्या चित्रकारांची भाषा कुलपात ठेवली होती. त्यांचे स्वतःचे दुभाषे होते, ते दुसऱ्या प्रणालीच्या चाकरीत. लिनक्सच्या माणसांना दाराबाहेर उभे राहून, आतले बोलणे कानोसा घेऊन ऐकत भाषा शिकावी लागली. त्यातून बोलण्यापुरती भाषा येतेही. पण निजवणे आणि उठवणे हे घरातल्यांचे काम. ते कानोशाने येत नाही.

त्यातच काळ बदलला. १९९२ पासून झोपेचा कारभार बहुतांशी बायोसकडे असे; प्रणालीने नुसते ‘नीज’ म्हणावे. १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून नवा करार मांडला, त्याला एसीपीआय म्हणतात. त्याने हा कारभार प्रणालीच्या हाती दिला. अधिकार वाढला तशी जबाबदारीही वाढली, आणि लिनक्स वापरणाऱ्यांच्या घरोघर लॅपटॉप निजू लागले आणि उठेनासे झाले.

पुढची पाच-दहा वर्षे या मंडळींनी काय केले, ते मला फार लोभस वाटते. पावेल माखेक या चेक प्रोग्रामरने लिनक्सच्या कागदपत्रांत एक साधी यादी लावली. अमुक मॉडेलचा लॅपटॉप असेल तर तो आपोआप उठतो. तमुक असेल तर बायोसला पुन्हा हाक मारायला लावा. तिसरा असेल तर पडद्याचा प्रकार नव्याने सांगा. चौथा असेल तर एक जादा हत्यार वापरा. ते हत्यार मॅथ्यू गॅरेट यांनी तयार केले होते. हे गृहस्थ शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. त्यांचा कार्यक्रम काय करी, तर चित्रकाराला सकाळी बायोस जे धडे देते तेच पुन्हा घोकून घेई. एखाद्याने आपल्या यंत्रावर रात्र जाळून खुणेची हाक शोधून काढायची आणि ती यादीत लिहून ठेवायची. दुसऱ्या खंडातल्या अनोळखी माणसाने ती वाचून आपले यंत्र उठवायचे. आमच्याकडे गावातल्या म्हाताऱ्या बायका कोणत्या लेकराला काय मानवते हे लक्षात ठेवतात, तसाच हा प्रकार. शास्त्र नव्हे, पण नुसता अंदाजही नव्हे.

खरा बदल २००९ च्या मार्चमध्ये आला. तोवर पडद्यावर काय मांडायचे हे ठरवणारा कार्यक्रम प्रणालीच्या गाभ्याच्या बाहेर बसलेला असे. म्हणजे घराला जाग आली तरी चित्र कसे होते हे घराला ठाऊकच नाही. ते ठाऊक असणारा ओसरीवर निजलेला. लिनक्सच्या २.६.२९ या आवृत्तीत ही जबाबदारी प्रथम इंटेलच्या चित्रकारांपुरती गाभ्यातच घेतली गेली. ज्याने निजवायचे त्यानेच आधी सगळे लिहून घ्यायचे, आणि त्यानेच उठवायचे. एवढी साधी गोष्ट, पण पुष्कळ अंधार त्याने हटला. दरम्यान कुलपेही किलकिली होऊ लागली होती. २००७ च्या सप्टेंबरात एएमडी या कंपनीने आपल्या ग्राफिक्सची कागदपत्रे खुली करण्याचे जाहीर केले. २०२२ च्या मे महिन्यात एनव्हिडियानेही गाभ्यात बसणारा आपला भाग खुला केला. माझ्या यंत्रात कोणाचा चित्रकार आहे ते मी सांगत नाही. घरच्या माणसाचे दोष घरातच बरे.

या सगळ्यात महाराष्ट्राचाही एक धागा आहे, तो मला फार आवडतो. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट नावाचे लहानसे गाव आहे. २००७ मध्ये तिथल्या धनगरवाड्यावरच्या चिमुकल्या शाळेत हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, या निकोलस निग्रोपाँटी यांच्या कल्पनेतून निघालेले ते यंत्र. आत लिनक्स. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, स्मृती २५६ मेगाबाइट. आजच्या साध्या फोनपुढेही ते बापुडे वाटेल. पण झोपेच्या बाबतीत त्याच्या कर्त्यांनी जो विचार केला होता, तसा मोठमोठ्या यंत्रांच्या कर्त्यांनी केला नव्हता. ज्या घरांत विजेचा भरवसा नाही त्या घरांसाठी हे यंत्र होते. तेव्हा त्याने पदोपदी डुलकी घेतली पाहिजे, असे त्यांनी ठरवले. मूल पान वाचते आहे, कळ दाबीत नाही, तेवढ्यात प्रोसेसरने निजावे. पण पडदा काळा होऊन कसे चालेल? म्हणून पडद्यासाठी एक वेगळी चकती बसवली. प्रोसेसर निजला की ती पुढे होई, हातातले चित्र स्वतःच्या स्मृतीत धरून ठेवी, आणि मूल वाचीत राही. आई डोळा लागून पेंगते आहे, पण तिचा हात लेकराच्या पाठीवर थोपटतोच आहे, असे ते दृश्य. उन्हात बसूनही त्या पडद्यावरची अक्षरे दिसत. ही झोप प्रत्यक्षात अंगवळणी पडायला वेळ लागला, आणि पुढे ती सारी चळवळच मंदावली. पण झोपेतही चेहरा काळा पडता कामा नये, हा विचार कोणीतरी खैराटसारख्या गावातल्या मुलासाठी केला होता, हे मला विसरवत नाही.

आता जे सांगणार आहे ते सांगू की नको, असे दोनदा मनात आले. पण त्या विद्यार्थ्याचे ‘हा जागा आहे, फक्त याला तोंड नाही’ हे शब्द ऐकले तेव्हा मला लॅपटॉप दिसलाच नाही. मला अण्णा दिसले.

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेले ते शिक्षक. त्यांचा आवाज चौथीच्या वर्गातून पहिलीच्या वर्गात पोचे. आम्ही त्यांना सोलापूरला नेले. जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हणतात असे सांगितले. घरी आणले तेव्हा ते डोळे उघडे ठेवून पलंगावर पडून असत. चेहऱ्यावर काही उमटत नसे. काळा पडदा म्हणजे काय, हे मी लॅपटॉपच्या कितीतरी आधी पाहिले होते.

पाहायला येणारी माणसे वाईट नव्हती. पण हळूहळू ती अण्णांना ओलांडून आमच्याशी बोलू लागली. “ओळखतात का हो?” हे त्यांच्या उशाशी बसून मला विचारीत. एक दूरचे काका तर त्यांच्या समोरच म्हणाले, “आता यांचं काही खरं नाही. जमिनीचं काय ते बघून घे वेळीच.” अण्णांचे डोळे छपराकडे होते. काहीच हलले नाही.

आईचे मात्र असे नव्हते. तिने पहिल्या दिवसापासून अण्णांशी बोलणे सोडले नाही. “अहो, चहा ठेवते आहे, दोन घोट घ्याल ना?” असे ती विचारी आणि थांबे. आम्ही उत्तराची वाट न पाहता पेला पुढे करीत असू. ती वाट पाही. काही दिवसांनी तिच्या लक्षात आले, की हो म्हणायचे असले की डाव्या हाताचा अंगठा आत वळतो. नको असले की श्वास जरा लांब येतो. कूस बदलून हवी असली की डोळे दाराकडे जातात. तिने एका जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे हे सगळे पेन्सिलीने लिहून ठेवले. अंगठा म्हणजे हो. लांब श्वास म्हणजे नको. दार म्हणजे कूस. मी महाविद्यालयात असताना धाकटी बहीण त्या पानावर बघून अण्णांची सगळी सेवा करी. तिसरी इयत्ता शिकलेल्या माझ्या आईने लिहिलेले ते पान आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला त्या प्रोग्रामरने लावलेली ती यादी, या दोन गोष्टी माझ्या मनात आता एकमेकींशेजारी ठेवलेल्या आहेत.

माणूस म्हणजे यंत्र नव्हे, हे मला कळते. अण्णांना उठवणारी ओळ कोणी लिहून देणार नव्हते. पण सहा-सात महिन्यांनी एकेक शब्द परत येऊ लागला. प्रथम आईचे नाव, ते जन्मात त्यांनी चारचौघांत उच्चारले नव्हते. मग ‘पाणी’. मग ‘दिवा’. दसऱ्याला ते काका सोने द्यायला आले. अण्णांनी डाव्या हातात आपट्याची पाने घेतली, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले, आणि एकेक शब्द जमिनीतून उपटावा तसा काढीत म्हणाले, “जमीन… अजून… माझ्याच… नावावर आहे.”

काका शरमले, आम्ही हसलो, आई पदर तोंडाला लावून आत गेली. नऊ महिन्यांपूर्वीचे ते बोलणे त्यांनी एक अक्षर न गमावता जपून ठेवले होते. देवघरातली वात तेवतच होती. दिसत नव्हते ते आम्हाला.

त्या मुलाने माझ्या लॅपटॉपचे पुढे काय केले, तेही सांगून टाकतो. लिनक्समध्ये झोपेचे प्रकार निवडता येतात. एक हलकी झोप, जीत सगळे भाग नुसते पेंगतात. एक गाढ झोप, जीत स्मृतीखेरीज सर्वांची वीज जाते. आणि एक अशी, की स्मृतीही डिस्कवर लिहून ठेवून दिवा पूर्ण मालवायचा. २०१२ नंतर हलक्या झोपेची फॅशन आली आणि आता पुष्कळ नव्या यंत्रांत गाढ झोपेची सोयच उरलेली नाही. माझे यंत्र जुने असल्याने त्यात ती शिल्लक होती. प्रणाली त्याला हलकी झोप देत होती, आणि तिच्यातून त्याचा चित्रकार नीट उठत नव्हता. त्या मुलाने सुरुवातीच्या आज्ञेत एक शब्द घालून त्याला गाढ निजवले. मी त्याला आमच्या तुळजापूरच्या तीन निद्रा सांगितल्या. तो म्हणाला, “सर, म्हणजे ही घोर निद्रा.” पुढे दोन महिन्यांनी गाभ्याची नवी आवृत्ती आली. जगात कुठेतरी कोणीतरी त्या चित्रकाराला उठवण्याची चूक सुधारली होती. आता तो हलक्या झोपेतूनही उठतो.

तो सुधारणारा कोण, हे मला ठाऊक नाही. त्यालाही आमचे धाराशिव ठाऊक नसेल. त्याने दुसऱ्याचे यंत्र अंधारात पाहिले, ते मेले असे म्हटले नाही, आणि शोधीत बसला. एवढ्याच नात्याने तो मला आईच्या गोत्यातला वाटतो. कारण निजवायला कोणीही पुरतो. उठवायला मात्र आपल्याला आत काय आहे याची खबर असलेला, आणि आपण आत आहोत यावर विश्वास असलेला कोणीतरी लागतो.

यंदाच्या दिवाळीत पहिल्या दिवशी पहाटे अण्णांना अभ्यंगस्नानासाठी उठवायचे आहे. आई आदल्या रात्रीपासून तेल कोमट करून ठेवण्याच्या गोष्टी करते आहे. घाई करायची नाही, असे तिने सगळ्यांना बजावून ठेवले आहे.